तुटेपर्यंत ओढा : कंडरेची शिवण आणि एका आकड्याचा मोह

‘अमुक टाका तमुक टाक्यापेक्षा दुप्पट मजबूत’ अशा थाटाचे निष्कर्ष शल्यचिकित्सेच्या नियतकालिकांत गेली ऐंशी वर्षे प्रसिद्ध होत आहेत. तुटलेली कंडरा शिवण्याच्या पद्धतींची तुलना हा या लेखनाचा एक ठरलेला प्रकारच झाला आहे. मृत शरीरातील किंवा डुकराच्या पायातील कंडरा घ्यायची, मधोमध कापायची, दोन-तीन पद्धतींनी शिवायची आणि यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायची. जी सर्वांत उशिरा तुटेल ती शिवण श्रेष्ठ. प्रयोग साधा आहे, आकडे स्वच्छ आहेत, आलेखही सुबक निघतो. मग यात खटकण्यासारखे काय आहे?

आम्हाला हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. कोयता, विळा, पत्रा किंवा फुटलेली काच लागून बोटाची कंडरा तुटते ती बहुधा हातावर पोट असणाऱ्या माणसाची. ते बोट पुन्हा वाकेल की नाही हे अशा प्रयोगांच्या निष्कर्षांवर काही अंशी अवलंबून असते. दुसरे असे, की ‘योग्य तुलना म्हणजे काय’ हे वर्गात शिकवण्यासाठी इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून एखाददुसरा शोधनिबंध न घेता या संपूर्ण प्रकाराचेच परीक्षण करू या.

कंडरा म्हणजे काय, आणि ती शिवणे अवघड का?

स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. मूठ आवळून-सोडून मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवले, की या दोऱ्या सरकताना जाणवतात. बोटात शिरल्यावर कंडरा एका म्यानातून जाते आणि म्यानावरचे आडवे पट्टे तिला हाडालगत धरून ठेवतात. विहिरीवरच्या कप्पीसारखे त्यांचे काम असल्याने त्यांना कप्प्याच म्हणतात.

नेमकी मेख इथेच आहे. कंडरा नुसती जुळून भागत नाही, ती म्यानातून सरकलीही पाहिजे. हात स्थिर बांधून ठेवला तर ती जुळते, पण म्यानाला चिकटते आणि बोट ताठ राहते. लगेच हलवला तर चिकटत नाही, पण टाका तुटण्याची भीती. अमेरिकेतील हस्तशल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी तळहाताच्या पुढच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले होते. पहिल्या महायुद्धातल्या दोन खंदकांमधली, कोणीच पाऊल टाकू नये अशी जागा! तिथे तुटलेली कंडरा लगेच शिवू नये, जखम भरू द्यावी आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून बसवावी, असा त्या काळचा संकेत होता. स्वित्झर्लंडमधील क्लोद वेर्दां आणि अमेरिकेतील हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी १९६० च्या दशकात तिथेही लगेच शिवण घालून चांगले परिणाम मिळवून दाखवले आणि हा संकेत मोडला.

लवकर हालचाल हवी, तर लवकर हालचाल सोसणारी शिवण हवी हे ओघानेच आले. शिवणींच्या ताकदीची चौकशी त्यामुळे जोरात सुरू झाली.

या प्रयोगांनी काय दिले?

दोष दाखवण्यापूर्वी देणे मान्य करायला हवे. ताकद पुरेशी आहे का हे ठरवायचे, तर आधी गरज किती हे माहीत हवे. १९९२ मध्ये शिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाची शस्त्रक्रिया चालू असलेल्या जाग्या रुग्णांच्या कंडरांवर बलमापक बसवून प्रत्यक्ष ताण मोजला. दुसऱ्याने बोट हलवले तर कंडरेवर ताण येतो जास्तीत जास्त ९ न्यूटन. रुग्णाने स्वतः, कोणताही विरोध नसताना, बोट वाकवले तर सुमारे ३५ न्यूटनपर्यंत. आणि बोटाच्या टोकाने चिमूट घट्ट धरली तर १२० न्यूटनपर्यंत. एक लिटर पाणी टांगले की साधारण १० न्यूटन बल लागते हे लक्षात घेतले, की हे आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात.

आता शिवणींकडे पाहू. कापलेल्या जागेवरून दोऱ्याचे किती पदर आरपार जातात यावर ताकद मुख्यतः अवलंबून असते, हा या प्रयोगांचा सर्वांत भक्कम निष्कर्ष. दोन पदरी शिवण प्रयोगशाळेत साधारण २० ते ३० न्यूटनला हार मानते, चार पदरी ४० च्या आसपास, सहा पदरी ६० च्या आसपास. सॅव्हेज यांनी १९८५ मध्ये सहा पदरी शिवण मांडली त्यामागे हाच हिशेब होता. म्हणजे दोन पदरी शिवणीवर रुग्णाला स्वतः बोट वाकवू देणे धोक्याचे, चार पदरीवर जेमतेम, सहा पदरीवर बऱ्यापैकी निर्धास्त. घट्ट चिमूट मात्र कोणत्याच शिवणीला पेलणारी नाही. इतके स्पष्ट मार्गदर्शन या प्रयोगांनी दिले, हे त्यांचे मोठेच श्रेय आहे.

दुसरे श्रेय दोरा तंतूंना कसा धरतो यासंबंधीचे. कंडरेतील कोलॅजेनचे तंतू जवळजवळ सगळे लांबीच्या दिशेने असतात. कापडात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात म्हणून टाका टिकतो. कापडाच्या टोकाचे आडवे धागे उपसून काढा आणि उरलेल्या उभ्या धाग्यांत टाका घाला. दोरा ओढताच धाग्यांमधून सरळ सरकून बाहेर येईल. कंडरेचे नेमके असेच होते. सिडनीच्या पेनिंग्टन यांनी १९७९ मध्ये दाखवले, की दोऱ्याचा फास तंतूंच्या जुडग्याभोवती असा घालता येतो की ओढल्यावर तो आवळत जाईल. दोऱ्याचा आडवा भाग उभ्या भागाच्या वरून न्यायचा की खालून, एवढ्याच फरकावर फास आवळणार की उघडणार हे ठरते.

हरकत पहिली : नाव एक, शिवणी अनेक

योग्य तुलनेचा पहिला नियम आपण सातवी-आठवीत शिकवतो : एका वेळी एकच गोष्ट बदला. या नियमाच्या कसोटीवर बरेच निबंध उतरत नाहीत.

शिवणीच्या ताकदीवर परिणाम करणाऱ्या गोष्टी मोजा. पदरांची संख्या, दोऱ्याची जाडी, दोऱ्याचा पदार्थ, फास आवळणारा की नुसता पकडणारा, काठापासून टाका किती अंतरावर, गाठी किती आणि कुठे, कडेने धावदोरा घातला आहे की नाही. एका गटात चार पदर, जाड दोरा आणि आवळणारे फास. दुसऱ्यात दोन पदर, बारीक दोरा आणि साधे फास. मग ‘आमची पद्धत दुप्पट मजबूत’ या वाक्यातली दुपटी कशामुळे आली हे कसे सांगणार?

एकट्या दोऱ्याच्या जाडीचेच पाहा. शल्यचिकित्सेत ४-० या क्रमांकाच्या दोऱ्याचा व्यास किमान ०.१५ मिलिमीटर असतो आणि ३-० चा किमान ०.२ मिलिमीटर. फरक केसाएवढाही वाटत नाही. पण ताकद काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. ०.२ चा वर्ग ०.०४, ०.१५ चा वर्ग ०.०२२५. म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे अधिक झाले! पद्धत तीच ठेवून नुसता दोरा बदलला तरी एखादा ‘शोध’ लागू शकतो.

नावांचा घोळ याहून गमतीचा आहे. जगभर ‘सुधारित केस्लर’ नावाची शिवण प्रमाण म्हणून वापरतात. केस्लर आणि निसिम यांनी आपली पद्धत १९६९ मध्ये सांगितली, तर केस्लर यांचा गाजलेला निबंध १९७३ चा. पण आज त्या नावाने जी चौकट घालतात तिच्याशी जवळचे नाते आहे ते किर्शमायर यांनी १९१७ मध्येच जर्मन भाषेत वर्णन केलेल्या शिवणीचे. त्यात पेनिंग्टन यांचा फास कोणी घालतो, कोणी घालत नाही. कोणी गाठ आत ठेवतो, कोणी बाहेर. दोन प्रयोगशाळांतील ‘केस्लर’ची तुलना करणे म्हणजे दोन घरांतल्या आमटीची तुलना करण्यासारखे आहे. नाव एकच असले तरी भांड्यात काय आहे ते विचारावे लागते.

हरकत दुसरी : नेमके काय तुटले?

शिवण निकामी होण्याच्या तीन तऱ्हा आहेत. दोरा तुटतो, गाठ सुटते किंवा दोरा कंडरेतून ओरबाडून बाहेर येतो. तिन्हींत यंत्रावर एक कमाल बल नोंदले जाते, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. दोरा तुटला तर मोजली गेली दोऱ्याची ताकद. दोरा ओरबाडून निघाला तर मोजली गेली पकड. आणि पकड कोणाच्या ऊतीतली? डुकराची कंडरा सहज मिळते, आकाराने सोयीची असते, म्हणून ती फार वापरली जाते. पण तिच्यात दोरा जसा धरतो तसाच तो माणसाच्या बोटातील कंडरेतही धरेल हे गृहीत धरता येत नाही. एकाच प्रयोगात दोन शिवणींची परस्पर तुलना करायला ती चालेल. तिच्यावरून मिळालेले न्यूटनचे आकडे उचलून रुग्णाच्या व्यायामाचे वेळापत्रक आखणे मात्र योग्य नव्हे.

शिवाय रुग्ण आपले बोट एकदाच, तुटेपर्यंत ओढत नाही. तो ते दिवसातून अनेकदा थोडे थोडे वाकवतो. पत्र्याची पट्टी एका ओढीत तुटत नाही पण पुनःपुन्हा वाकवल्यावर तुटते, हे कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. प्रुइट, मॅन्स्के आणि फिंक यांनी १९९१ मध्ये शिवणींना असा वारंवार ताण देऊन पाहिला. त्यानंतर ही तऱ्हा रूढ होत गेली खरी, पण एकाच ओढीत तुटेपर्यंतची चाचणी सोपी असल्याने तिचा मोह अजून सुटलेला नाही.

हरकत तिसरी : तुटण्याआधी उघडते त्याचे काय?

शिवण तुटण्याच्या कितीतरी आधी कापलेली टोके एकमेकांपासून दूर जाऊ लागतात, फट पडते. कमाल बलाच्या आकड्यात ही फट कुठेच दिसत नाही. गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले, की ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडलेल्या कंडरांची ताकद दहाव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत वाढलीच नाही. कमी फट असलेल्यांची वाढली. म्हणजे यंत्रावर ५० न्यूटनला तुटणारी पण २० न्यूटनलाच ३ मिलिमीटर उघडणारी शिवण ही ५० न्यूटनची नव्हे, २० न्यूटनची समजली पाहिजे.

आकड्याने असाच अन्याय केला तो कडेच्या धावदोऱ्यावर. मुख्य टाके घातल्यावर सांध्याच्या कडेने बारीक दोऱ्याने शिवण घालतात. पूर्वी तिचे काम कडा गुळगुळीत करण्यापुरते मानत. प्रत्यक्षात ती ताकदीत भर घालते आणि फट पडण्यास विरोध करते. नुसत्या पदरांच्या संख्येवर नजर ठेवणाऱ्याला हे दिसत नाही.

उलट पदर वाढवण्यालाही किंमत मोजावी लागते. जास्त दोरा, जास्त गाठी म्हणजे सांधा जाड आणि खडबडीत. तो कप्पीखालून जाताना अडतो, घर्षण वाढते, आणि बोट वाकवायलाच अधिक बल लागते. शिवण बळकट केली म्हणून ताणही वाढला, तर नफा किती उरला? मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी घर्षणाची मोजमापे करून हा प्रश्न नेटाने मांडला. चीनमधील जिन बो तांग यांनी कप्पीचा काही भाग उघडून सांध्याला वाट करून देण्याचा पुरस्कार केला. दोन्हींचा अर्थ एकच : शिवणीचा विचार म्यान आणि कप्पी वगळून करता येत नाही.

हरकत चौथी : मेलेली कंडरा भरून येत नाही

सर्वांत मोठी हरकत काळाची. यंत्रावर मोजतो ती पहिल्या दिवसाची ताकद. पुढे काय होते? शिकागोच्या मेसन आणि ॲलन यांनी १९४१ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. शिवणीची ताकद पहिल्या काही दिवसांत घटते आणि मग हळूहळू वाढते, असे त्यांना आढळले. त्यावरून अवयव सुमारे तीन आठवडे स्थिर ठेवण्याचा सल्ला रूढ झाला. अर्बानियाक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अनेक पद्धतींची तुलना केली, तेव्हाही पहिल्या आठवड्यातली घट दिसली.

या निष्कर्षांच्या आधाराने स्ट्रिकलँड यांनी एक अंदाज मांडला : एका आठवड्याला ताकद निम्मी, तीन आठवड्यांनी दोनतृतीयांश, सहा आठवड्यांनी मूळच्यापेक्षा पाचव्या हिश्शाने अधिक. हा अंदाज दोन, चार आणि सहा पदरी शिवणींना लावून केलेला आलेख प्रसिद्ध आहे. आलेख उपयुक्त आहे, परंतु त्यातील चार आणि सहा पदरी रेषा म्हणजे गुणाकार आहेत, मोजमापे नव्हेत. मोजलेला बिंदू आणि हिशेबाने काढलेला बिंदू एकाच शाईने छापले, की वाचणाऱ्याला भेद कळत नाही. पाठ्यपुस्तकांतले आलेख शिकवताना आपण सर्वांनीच ध्यानात ठेवावे असे हे आहे.

आणि ती घट तरी अटळ आहे का? १९८७ मध्ये हिचकॉक आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले. शिवल्यावर लगेच मर्यादित हालचाल चालू ठेवली, तर सुरुवातीची घट टळते असे त्यांना दिसले. म्हणजे जी घट शिवणीचा स्वभाव मानली गेली, ती निदान काही अंशी अवयव बांधून ठेवण्याचा परिणाम होती. घट होते म्हणून बांधून ठेवा, आणि बांधून ठेवले म्हणून घट होते, असे ते वर्तुळ होते.

जिवंत कंडरेत आणखी एक गोष्ट घडते. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की कंडरेत घातलेल्या एका टाक्याभोवतीही पेशी नाहीशा झालेला पट्टा तयार होतो. टाका जितका आवळू तितका तो तंतूंना धरतो, पण तिथे भरून आणणाऱ्या पेशीच उरत नाहीत. मृत कंडरेवर केलेल्या चाचणीत याचा मागमूसही लागणार नाही.

रुग्णाच्या हातात काय दिसते?

प्रयोगशाळेत सहा पदरी शिवण दोन पदरीच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची. मग रुग्णांत ती तितकी कमी वेळा तुटत असली पाहिजे. पण २०१४ मध्ये हार्डविक आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दोन पदरी आणि बहुपदरी शिवणींच्या तुटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून ‘ताकद निरर्थक आहे’ असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. दोन खुलासे संभवतात. पहिला, ज्याची शिवण दोन पदरी त्याला डॉक्टर व्यायाम जपून देतात आणि ज्याची सहा पदरी त्याला मोकळेपणाने. ताकदीतला फरक व्यायामातल्या फरकाने झाकला जातो. दुसरा खुलासा अंकगणिताचा. २०१२ च्या एका संकलनानुसार शंभरांपैकी साधारण चार शिवणी तुटतात. चारावरून प्रमाण दोनवर आले हे खात्रीने सांगायचे, तर सांख्यिकीच्या नेहमीच्या हिशेबाने प्रत्येक गटात अकराशेच्या आसपास रुग्ण लागतील. पन्नास-साठ रुग्णांच्या अभ्यासात फरक न दिसणे म्हणजे फरक नसणे नव्हे.

तरीही आमच्या मते या प्रकारच्या लेखनाने उत्तर द्यायचे राहिले आहे ते इथेच. यंत्रावरचे दहा न्यूटन वाढले तर रुग्णाचे बोट किती अंशांनी अधिक वाकते? हा दुवा न जोडता नवनव्या फासांची आणि पदरांची भर पडत राहिली, तर ती प्रगतीपेक्षा नक्षीकाम ठरेल. या दृष्टीने कॅनडातील डोनाल्ड लालाँड यांनी पुरस्कारलेली पद्धत आम्हाला अधिक आश्वासक वाटते. रुग्णाला पूर्ण भूल न देता हात तेवढा बधिर करायचा, शिवण झाल्यावर त्वचा बंद करण्यापूर्वी त्यालाच बोट वाकवायला सांगायचे. फट पडते का, सांधा कप्पीखाली अडतो का, हे डोळ्यांनी पाहायचे आणि तिथेच दुरुस्त करायचे. इथे ओढणारे यंत्र म्हणजे रुग्णाचाच स्नायू!

वर्गात करून पाहण्यासाठी

एकाच कापडाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या घ्या, मधोमध कापा, कडा नुसत्या टेकवा आणि एकाच रिळातल्या दोऱ्याने शिवा : काहींत दोन पदर, काहींत चार, काहींत सहा. प्रत्येक प्रकारच्या किमान पाच पट्ट्या हव्यात. पट्टी टांगून खाली बादली बांधा. ती जमिनीपासून वीतभरच उंच असू द्या. मापाने पाणी ओतत जा आणि दोन आकडे लिहा : ३ मिलिमीटर फट पडली तेव्हाचे पाणी आणि शिवण तुटली तेव्हाचे पाणी. काय निकामी झाले तेही लिहा. उरलेल्या पट्ट्यांना तुटण्याच्या निम्मे वजन पन्नास वेळा लावून काढा. शेवटी विद्यार्थ्यांना विचारा, ‘सर्वांत चांगली शिवण कोणती?’ फटीनुसार लावलेला क्रम आणि तुटण्यानुसार लावलेला क्रम वेगळे निघाले, तर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.

‘किती मजबूत?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळाले, की पुढचे प्रश्न विचारायला हवेत : कशासाठी मजबूत, किती वेळा ओढल्यावर, कितव्या दिवशी आणि कोणाच्या बोटात? दोर, पूल किंवा सिमेंटचा खांब यांच्या बाबतीतही हेच प्रश्न लागू पडतात. कंडरा मात्र शिवल्यानंतर स्वतःही बदलत राहते, म्हणून तिच्याबाबत ते अधिक काटेकोरपणे विचारावे लागतात.